सांगणारा उभा कुठी होता?

तायडे मॅडमच्या शोकसभेत माइक माझ्याच हातात होता. आमच्या भागात लग्न असो, कबड्डी असो की मौत असो, माइक माझ्याकडेच येतो. तो माझा धंदा आहे. नवरदेवाची भाड्याची गाडी मी माइकवरून अशी उतरवतो की पाहुण्यांनी वर आभाळाकडे बघावं. वरातीत मूठभर माणसं असली तरी माझ्या तोंडून 'जनसागर'च निघतो. लोकांना हे माहीत आहे. साखरखेर्ड्यापासून मेहकरपर्यंत कोणीही सांगेल की भास्कर आंबा म्हणाला तर कोय समजायची.

त्या दिवशी मात्र माझ्यापेक्षा बाकीचेच सुटले होते. एकजण उठून म्हणाले, मॅडम जन्मात कोणावर रागावल्या नाहीत. अहो, मॅडम रागावल्या की वर्गातला पंखा उलटा फिरायचा! दुसऱ्यांनी सांगितलं, नदीला पूर असताना मॅडम पोहत कॉलेजात आल्या होत्या, आपण डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून, जिथं माझ्याबरोबरचे जुने विद्यार्थी बसले होते तिथून, कोणीतरी पुटपुटलं, "उभा कुठी होता बे?"

झालं. सगळी रांग खाली माना घालून गदगदू लागली. पुढच्यांना वाटलं, पोरं रडून राह्यली. एका बाईंनी तर मागे पाण्याचा तांब्या पाठवला.

शोकसभेत हसू नये, मान्य. पण मॅडम असत्या तर त्यांनीही हेच विचारलं असतं. चष्मा कपाळावर चढवून, छत्रीचं टोक त्या पोहण्याच्या साक्षीदाराकडे रोखून.

छत्री म्हणजे मॅडमच. उंचीनं त्या एवढ्या लहान की टेबलामागे उभ्या राहिल्या तर फक्त अंबाडा आणि छत्री दिसायची. आवाज मात्र असा की इकडे वर्गात 'कथानक' म्हणाल्या की तिकडे बाजारात जुंपलेले बैल थबकायचे. छत्री बारा महिने हातात, पण उघडलेली कोणी पाहिली नाही. फळ्यावर दाखवायला छत्री, झोपलेल्याला उठवायला छत्री, खिडकीत आलेल्या माकडाशी बोलायलाही छत्रीच. एकदा धो धो पावसात मॅडम ती बंद छत्री हातात धरून चिंब भिजत आल्या. आम्ही म्हटलं, "मॅडम, उघडाची ना!" तर म्हणतात, "मोडली म्हणजे? शिकवू कशानं?"

पर्समध्ये फुटाणे. बरोबर उत्तराला एक फुटाणा. चुकीचं, पण स्वतःच्या डोक्यातून काढलेलं उत्तर असेल तर दोन. त्यामुळे आमच्या वर्गात बरोबर उत्तरं देणारे वाळून काटक्या झाले आणि माझ्यासारखे बाळसं धरत गेले.

मराठीच्या पुस्तकात कथेचे घटक दिले होते. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, निवेदन. इतर ठिकाणी हे घटक पाठ करतात आणि परीक्षेत ओकतात. मॅडम पुस्तकातली व्याख्या एकदा स्वच्छ, घोटीव मराठीत वाचायच्या, पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, "हे झालं लिव्हायसाठी. आता समजायच्या भाषेत पाहू." समजायची भाषा म्हणजे आमची वऱ्हाडी. पुण्याकडचा कोणी ऐकेल तर त्याला वाटेल, वर्गात भाजीबाजार भरला आहे.

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'बस हुकली.' मग हातभर जागा सोडून खाली लिहिलं, 'लग्न मोडलं.'

"या दोघायच्या मधात काय हाय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "जागा हाय, मॅडम."

सगळे हसले. मॅडमनी त्याला दोन फुटाणे दिले. "वा! गोष्ट त्या जागेतच राह्यते. हे वरचं न् खालचं तं पेपरातही येते. मधात 'काऊन' टाका, मंग त्याचं कथानक होते."

काऊन म्हणजे आमच्याकडचं 'का'. मग काय, वर्गभर काऊनचा पाऊस. नवरदेव बसमध्ये होता. दागिने बसमध्ये होते. मी उठलो. माझ्या गोष्टीत गारपीट झाली, एसटीचं टायर फुटलं, नवरदेव बैलावर बसून निघाला, बैल उधळला आणि थेट दुसऱ्याच मांडवात शिरला, तिथल्या नवरीनं हार घातला. मॅडम शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"भास्कऱ्या, भाजीले मीठ लागते म्हणून मिठाचीच भाजी करतं का बे?"

मी खाली बसलो. तेव्हा खिडकीजवळच्या एका मुलीनं, जी एरवी वर्गात कधी बोलायची नाही, हळूच म्हटलं, "मॅडम, बस मुद्दाम हुकवली."

"कोनं?"

"नवरीनं."

वर्ग असा गप्प झाला की पत्र्यावर चिमणी चालल्याचं ऐकू आलं. मॅडमनी पर्समध्ये हात घातला आणि मूठभर फुटाणे तिच्या बाकावर ठेवले. मला एवढ्या गारपिटीवर दोनच मिळाले होते.

पात्रांबद्दल त्यांचं एकच म्हणणं. "मानूस काय बोलते ते सगळेच लिव्हतात. बोलून झाल्यावर हात कुठी ठेवते, ते पाहा." वातावरणासाठी गुरुवारच्या बाजारात न्यायच्या आणि म्हणायच्या, "आता वांगं व्हा. टोपल्यात बसून बाजार सांगा." मी वांगं होऊन सांगितलं, मला इतक्या बायकांनी दाबून पाहिलं की बाजार दिसलाच नाही, नुसते अंगठे दिसले. त्यावर मॅडम खूश. "पाहा! वांग्याले बाजार म्हंजे अंगठे. हे खरं!"

हे 'काऊन' त्यांना कुठून मिळालं, ते त्यांनी एकदा सांगितलं होतं. त्यांच्या गावी विहारात वर्षावासाचे तीन महिने संध्याकाळी ग्रंथ वाचायचे. लहानपणी वाचायचं काम यांच्याकडे. समोर दिवसभर निंदण करून आलेल्या बाया. त्यात मॅडमची आई पुढेच. अक्षरओळख नाही, पण ओळ संपली की हात वर. "थांब वं. तो असा काऊन वागला?" वाचन अर्धं, काऊन अर्धं. पुस्तक कधीच त्या पावसाळ्यात संपायचं नाही. मॅडम म्हणायच्या, "माही माय पुस्तक वाचत नव्हती, पुस्तकाशी भांडत होती. मी तिच्यापासून शिकली."

पण माझ्यापुरता खरा धडा निवेदनाचा. आणि त्याला निमित्त माझाच बिबट्या.

आमच्या विहिरीवर मी बिबट्या पाहिला होता. निदान मी तसं साऱ्या गावाला सांगितलं होतं. सकाळी तो म्हशीच्या पारड्याएवढा होता, दुपारपर्यंत म्हशीएवढा झाला आणि मॅडमच्या तासाला मी तो सांगायला उठलो तेव्हा त्याची शेपटी शेजारच्या वावरात होती.

मॅडमनी फळ्यावर विहीर काढली. बाजूला लिंबाचं झाड. मग खडू माझ्याकडे केला. "तू उभा कुठी होता?"

"झाडावर, मॅडम."

"झाडावर कायले?"

"बिबट्या होता ना!"

"चढाच्या आंधी पाह्यला का चढल्यावर?"

"आधी पाला वाजला. मंग मी चढलो."

"न् बिबट्या?"

"विहिरीच्या पल्याड, कठड्याच्या आडोशाले."

मॅडमनी झाडावर एक काडीचा माणूस काढला. त्याच्या डोळ्यापासून विहिरीपलीकडे छत्रीच्या टोकानं रेघ ओढली. रेघ विहिरीच्या उंच कठड्यावर येऊन थांबली. पलीकडे गेलीच नाही.

वर्ग फुटला. "भास्कऱ्याचा बिबट्या बुडाला बे!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हासू नका. त्यानं बिबट्या नाई पाह्यला, पण भेव तं पाह्यलं ना? अंगावर काटा आल्ता ना बे? पाय कापले ना? ते तुह्यं हाय, ते खरं हाय. ते सांग. बिबट्या ज्यानं पाह्यला तो सांगन." मग सगळ्या वर्गाकडे वळून म्हणाल्या, "कोनतीबी गोष्ट आयकली का पयले हे इचाराचं. सांगनारा उभा कुठी हाय? त्याले तिथून काय दिसते? न् जे दिसत नाई, ते तो कुठून आनून राह्यला?"

हे वाक्य कॉलेजच्या भिंतींत मावलं नाही. हॉटेलात कोणी फेकू लागला की दुसरा विचारायचा, "उभा कुठी होता?" क्रिकेटात पायचीतचं अपील झालं की अंपायर म्हणायचा, "मी कुठी उभा, तू कुठी उभा!" एका सासूनं सुनेची चुगली केली तर खुद्द सासऱ्यानं विचारलं म्हणतात. आंब्याऐवजी कोय समजा, पण वाक्य पसरलं हे खरं.

आता जे सांगतो ते मी कॉलेज सोडून माइक धरल्यानंतरचं.

सुखदेवभाऊ म्हणजे आमच्या गावचे भाजीवाले शेतकरी. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी लावायचे आणि बाजारात बसायचे. बायको कांताबाई वावरात जास्त, बोलण्यात कमी. त्यांची एकुलती पोरगी दीपाली, बारावीला, मॅडमच्या वर्गात. हुशार. परीक्षा तोंडावर आलेली आणि अचानक दीपालीचं कॉलेज बंद झालं. कारण गावात एक गोष्ट फिरू लागली. हिवरा आश्रमच्या फाट्यावर दीपाली कोण्या पोराच्या लाल मोटारसायकलवरून उतरताना दिसली. पाहणारे आमचेच रामदासभाऊ. बिछायतवाले. मांडव, खुर्च्या, गाद्या भाड्यानं देणारे. लग्नात ते मांडव घालतात, मी आवाज घालतो, म्हणून आमची चांगली ओळख.

गोष्ट दोन दिवसांत अशी फुगली की माझ्यासारख्या माणसालाही लाज वाटावी. सुखदेवभाऊंनी जालन्याकडच्या एका स्थळाला सांगावा धाडला. रविवारी पाहुणे येणार, बोलणी तिथंच पक्की करायची. परीक्षा नाही, पुढे खामगावच्या कॉलेजात जायचं ठरलं होतं तेही नाही.

मॅडमना कळलं तसा माझ्या मोबाइलवर फोन. "भास्कऱ्या, गाडी घेऊन स्टँडवर ये. न् त्या रामदासभाऊलेबी घेऊन ये सुखदेवभाऊच्या घरी."

"त्यायले काय सांगू?"

"सांग, मॅडमले गोष्ट आयकाची हाय."

रामदासभाऊ खुशीत आले. गोष्ट सांगायला बोलावणं, तेही मॅडमचं! सुखदेवभाऊंच्या अंगणात सकाळची उन्हं, बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधणं चाललेलं. शेजारपाजारचे आपोआप जमले. मॅडम बाजेवर बसल्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. मी अंगणाच्या कडेला, माझ्या गाडीला टेकून. माझ्या जागेवरून घराचं दार तिरपं पडत होतं. दारात दीपाली उभी आहे एवढं तिच्या ओढणीच्या टोकावरून कळत होतं, बाकी नाही.

"सांगा, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "मी मधात बोलनार नाई."

रामदासभाऊंनी सांगितलं. काय सांगितलं राव! ऊन, फाटा, धुरळा, लाल गाडी, पोराचे केस, पोरीचं उतरणं, तोंडाला बांधलेला मोरपंखी स्कार्फ, तिचं हासणं, वळून पाहणं. मी धंदेवाईक माणूस, मनात म्हटलं, याला माइक दिला तर माझं पोट जाईल. सुखदेवभाऊ मान खाली घालून सांबाराची जुडी बांधत होते. बांधायचे, सोडायचे. तीच जुडी. मला मॅडमचं ते हातांचं वाक्य आठवलं.

गोष्ट संपली. मॅडमनी चष्मा कपाळावर घेतला.

"झ्याक सांगता, भाऊ. उभे कुठी होते?"

अंगणात कोणीतरी खाकरलं.

"फाट्यावर रसवंती हाय ना, तिथं. रस पेऊन राह्यलो होतो."

"न् गाडी?"

"रस्त्याच्या पल्याड."

"तोंडाले स्कार्फ होता म्हनता. उघडा का बांधेल?"

"बांधेल! आता पोरी बांधतातच ना, नुसते डोये उघडे."

"मंग हासनं कुठी दिसलं?"

"डोये हासत होते, मॅडम."

"रसवंतीपासून रस्त्याच्या पल्याडचे डोये?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "भाऊ, इतकी नजर असन तं मांडवाचे खांब वाकडे काऊन लावता?"

सगळे हसले. रामदासभाऊही अर्धेमुर्धे हसले. माझ्या मनात आलं, झालं, जिंकलं. मॅडम पुढे विचारत गेल्या. दीपालीच हे कशावरून? स्कार्फवरून. स्कार्फ कोणत्या रंगाचा? मोरपंखी. तेवढ्यात शेजारच्या यमुनाबाई म्हणाल्या, "मोरपंखी तं माह्या नातीचाबी हाय. मांगच्या गुरुवारी बाजारात एकच गठ्ठा आल्ता, साऱ्या पोरीयनं तोच घेतला."

"नाव पयले तुमीच घेतलं का, भाऊ?"

रामदासभाऊंनी डोकं खाजवलं. "मी हॉटेलात म्हनलं, आपल्या इकडची पोरगी वाटते. मंग कोनी तरी म्हनलं, सुखदेवभाऊची तं नाई? मंग... मंग मलेबी तशीच दिसाले लागली."

"'दिसाले लागली'," मॅडम म्हणाल्या. "तुमी खोटं बोल्ले असं मी म्हनत नाई, भाऊ. तुमी मोरपंखी स्कार्फ पाह्यला, तेवढा तुमचा. बाकीची गोष्ट हॉटेलानं लिव्हली."

अंगण सैल झालं. कोणी तंबाखू मळू लागलं. आणि तेव्हाच सुखदेवभाऊंनी मान वर केली. डोळे लाल. म्हणाले, "मॅडम, हे समदं ठीक हाय. पन पोरगी इथंच उभी हाय. इचारा ना तिलेच. होती का नव्हती. तुमच्यासमोर खोटं नाई बोलनार थे. नाई म्हनली तं पाव्हन्यायले आज्जच फोन करतो, येऊ नका म्हनून."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मॅडमचीही. मॅडम बाजेवर जिथं बसल्या होत्या तिथून दीपालीचा चेहरा समोर होता. माझ्या जागेवरून नव्हता. मला फक्त ती ओढणी दिसली, आणि ती हललीसुद्धा नाही.

मॅडम बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. ज्या बाईंनी जन्मभर प्रत्येक ओळीला काऊन विचारलं, साऱ्या तालुक्याला विचारायला शिकवलं, त्यांना फक्त तोंड उघडायचं होतं.

"मी नाई इचारनार," त्या म्हणाल्या.

अंगणातली हवा बदलली. यमुनाबाईंनी शेजारणीकडे पाहिलं. रामदासभाऊंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. म्हणजे काहीतरी आहे, असं सगळ्यांच्या मनात आलेलं मला माझ्या जागेवरूनही दिसलं. सुखदेवभाऊ उठून उभे राहिले. "काऊन? काऊन नाई इचारत? भेव वाटते तुमाले?"

"इतक्या लोकायसमोर इचारलं का जे निंघते, ते गोष्ट नसते, सुखदेवभाऊ. जबानी असते. आज ती हो म्हनन का नाई म्हनन, दोन्ही तुमाले पाह्यजे म्हनून म्हनन. तिची गोष्ट तिची हाय. ती सांगन, तिले जवा सांगाची तवा, ज्याले सांगाची त्याले. नाई सांगाची तं नाई. तवरी सांगनाऱ्याची जागा खाली राहू द्या. तिथं ना रामदासभाऊ बसन, ना तुमी, ना मी."

"न् गाव?"

"गावाले रसवंती हाय ना."

कोणी हसलं नाही. सुखदेवभाऊंनी हातातली जुडी टोपलीत आपटली. "नाई मॅडम. तुमी शिकेल मानसं, तुमचं बोलनं मोठं. मी बाप हाय. रविवारी पाव्हने येतीन."

मॅडमनी छत्री उचलली. पहिल्यांदा मला त्या थकलेल्या दिसल्या. बाजेवरून खाली उतरायलाही त्यांना वेळ लागला. सगळं हातात आलं होतं आणि त्यांनीच ते सोडून दिलं, असं माझ्या मनात आलं. एक 'नाही' हवा होता. एका शब्दाचं काम. मला तर मॅडमचा रागच आला.

तेवढ्यात टोपल्यांच्या मागून, जिथं आतापर्यंत कोणी आहे हेच आमच्या ध्यानात नव्हतं तिथून, कांताबाई बोलल्या. मेथीची माती झटकत, वर न पाहता.

"अजी, तुमी उभे कुठी होते?"

सुखदेवभाऊ वळले. "काय?"

"त्या दिशी. तुमी उभे कुठी होते?"

"मी... वावरात होतो."

"मीबी वावरातच होती," कांताबाई म्हणाल्या. "मंग वावरातलं बोला. वांग्याले पानी कवा द्याचं ते सांगा. पोरगी परीक्षेले जाईन. पाव्हन्यायले फोन लावा, नाई तं भास्करभाऊले नंबर द्या, त्यायचा आवाज मोठा हाय."

मी आयुष्यात हजारो घोषणा केल्या, पण तो फोन मी गाडीआड जाऊन हळू आवाजात केला. खरंच सांगतो.

मॅडमना गाडीवर मागे बसवून मी स्टँडवर सोडायला निघालो. शेवटी राहवलं नाही. "मॅडम, पन ती होती का नव्हती?"

"मले काय मालूम?"

"तुमाले तोंड दिसत होतं ना तिचं!"

मागून छत्रीची टोच माझ्या पाठीत. "तोंड दिसलं. भेव दिसलं. बिबट्या नाई दिसला." थोडं अंतर गेल्यावर त्याच पुन्हा बोलल्या, आणि यावेळी बाजारातले बैल थांबवणारा आवाज नव्हता. "काऊन इचारनं मायनं शिकवलं, भास्कर. पन पुस्तकातली मानसं कागदावर असतात. आपन इचारलं तं त्यायले दुखत नाई. हे मले लय उशिरा समजलं."

दीपालीनं परीक्षा दिली. खामगावला गेली. मॅडमना मात्र ते अंगण महागात पडलं. 'मॅडमनंच पोरी डोक्यावर बसवल्या' असं म्हणणारे निघाले. रामदासभाऊंनी मॅडमच्या निरोपसमारंभाला गाद्या द्यायच्या नाकारल्या, मग आम्ही सतरंज्यांवर बसलो. तिथं मॅडमनी भाषण केलं नाही. पर्स उघडली आणि सगळ्यांना फुटाणे वाटले. बरोबर उत्तर नाही, चूक उत्तर नाही, सरसकट मूठ मूठ.

मग त्या मेहकरला राहायला गेल्या, आणि मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथल्याच स्टँडवर.

मेहकरला लग्न होतं. माइक, स्पीकरचे डबे, वायरी घेऊन मी स्टँडबाहेर उतरलो, ऊन फार, म्हणून रसवंतीवर गेलो. पलीकडे स्टँडच्या बाकावर मॅडम बसलेल्या. आणखी लहान झालेल्या. छत्री मांडीवर, अर्थातच बंद. हाक मारणार, तेवढ्यात एक स्कुटी येऊन थांबली. स्कुटीवरची बाई उतरली. तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे उघडे. ती मॅडमपुढे उभी राहिली आणि स्कार्फ सोडू लागली. एक वेढा, दुसरा वेढा. दीपाली होती. कृषी खात्यात लागल्याचं मी ऐकलं होतं.

ती बाकावर बसली आणि बोलायला लागली.

अहो, काय बोलत होती कोण जाणे, पण थांबतच नव्हती. मॅडमनी एकदाही हात वर केला नाही. एकदाही छत्री उचलली नाही. चष्माही कपाळावर चढवला नाही. नुसती मान किंचित तिच्याकडे झुकवून ऐकत राहिल्या. जसं विहारात कोणी ओळ वाचत असावं आणि त्यांची आई पहिल्यांदाच काही न विचारता ऐकत असावी.

मी रसाचा ग्लास हातात घेऊन उभा. मधून एसटी जायची, मग चरकाचे घुंगरू वाजायचे. शब्द एक नाही. पाय पुढे झाले, हे कबूल करतो. माझ्यासारख्या माणसाला असं काही दिसावं आणि ते कानापर्यंत पोचू नये! रस्ता ओलांडायला काय लागतं? नमस्कार करायचा, बाजूला बसायचं, दोन वाक्यं कानी आली की उरलेली मी घरी बनवली असती. तुमच्यापर्यंत आज ती गोष्ट लाल मोटारसायकलसकट आली असती.

रस्त्याच्या कडेला येऊन मी थांबलो. परत रसवंतीच्या सावलीत जाऊन उभा राहिलो.

लोक मला विचारतात, तेव्हा काय सांगितलं असेल तिनं? होती का ती फाट्यावर? मी म्हणतो, मी रसवंतीपाशी उभा होतो. लोकांना वाटतं भास्कर म्हातारा झाला.

मॅडमची बस लागली. दीपालीनं त्यांना हात धरून चढवलं. पायरीवरून मॅडम वळल्या, पर्समध्ये हात घातला आणि काहीतरी तिच्या हातावर ठेवलं. फुटाणेच असणार, पण तेही मला तिथून नीट दिसलं नाही. बस गेली. दीपाली स्कुटीपाशी एकटी उभी राहिली, तोंडात काहीतरी टाकलं.

आणि ती हसत होती. हे मात्र मी शपथेवर सांगतो. तोंडाला स्कार्फ नव्हता.